म्हशीच्या शिरेतलं कॅल्शियम

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमची ही लेक अजून त्या म्हशीवरच अडकून पडलीय. इथं कोल्हापुरात मी हृदयाच्या स्नायूतल्या एका पेशीची नक्कल कॉम्प्युटरवर चालवते. दर ठोक्याला पेशीत कॅल्शियम शिरतं, ती आवळते. ते बाहेर उपसलं गेलं की सैल पडते. उपसायला सवड मिळाली नाही तर ठोका बिघडतो. तुम्ही म्हणाला असता, "ह्यात नवीन काय हाय? हाताला कळतंय की."

जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर, डॉक्टरांच्या हाताखालचे. नेसरीकडच्या आपल्या गावात व्यालेली म्हैस अंगातलं कॅल्शियम दुधात उतरून बसली, कान गार पडले की लोक तुम्हालाच बोलवायचे. कॅल्शियमची बाटली कोमट करून तुम्ही शीर धरायचा, एक हात ठोके बघायला तिच्या डाव्या कोपरामागं ठेवायचा आणि नळीचं वेगाचं चाक जरा जरा सोडायचा. मी लवकर आटपा म्हटलं की खेकसायचा, "गप. घाई केली तर काळीज बंद पडतंय तिचं."

त्या सकाळी शेजारच्या काकूंची म्हैस बसली. त्यांचं घर तिच्यावरच चालायचं. माझी कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा होती, एसटी चुकली असती तर वर्ष गेलं असतं. अर्धी बाटली झाली आणि काकूंनी तुम्हाला रेडकू बघायला हाक मारली. बाटली माझ्याकडं देत तुम्ही म्हणालात, "चाकाला हात लावू नगंस." मी लावला. पूर्ण सोडलं, आणि तुमची पावलं वाजताच होतं तिथं आणलं. म्हैस थरथरली, तिनं मान टाकली. तुम्ही तिच्या कुशीवर हात दाबून बसून राहिलात. काकू म्हणाल्या, "भावजी, काय केलंसा हे?"

"माझाच हात चुकला," तुम्ही म्हणालात. मी पिशवी उचलली आणि एसटी गाठली. पासही झाले.

त्यानंतर गावानं तुम्हाला बोलवलं नाही. रस्त्यात कुणी भेटलं तर तुम्हीच मान खाली घालायचा, आणि मी ते बघायची. तरी बोलले नाही. एकदा तुम्ही विचारलंत, "बाटलीच बिघडल्याली असंल का गं?" मी म्हटलं, "असेल की."

मागच्या आठवड्यात मी पेशीला आधी कॅल्शियमची उपासमार घडवली, मग एकदा तुमच्या वेगानं भरलं, एकदा माझ्या. म्हैस तशीही गेलीच असती असं उत्तर मला हवं होतं. तुमच्या वेगानं पेशी शेवटपर्यंत नीट चालली. माझ्या वेगानं बंद पडली. मग मी पेशीच कमजोर केली. आकडे बदलले, चालवलं, पुन्हा बदलले. चौथ्या खेपेला ती तुमच्या वेगानंही मेली. एक पेशी म्हणजे म्हैस नव्हे, हे मला कळतं. आकडे मी ओढूनताणून आणले, हेही कळतं.

काकू अजून आहेत. खरं तर हे पत्र त्यांच्या हातात द्यायला हवं, म्हणजे तुमच्यावरचा डाग तरी जाईल. देणार नाही. कधी सांगायची वेळ आलीच, तर त्यांना चौथ्या खेपेचा निकाल दाखवायचा असं मी ठरवून ठेवलंय.