सान्किचीचा उपास

कामिओदा, १२ मे १९८४

ती. स्व. मिसाओवन्सं यांस,
फुसाएचा सा. न. वि. वि.

ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपून तुम्ही बेटावर परत गेलात आणि घर एकदम मोठं झालं. तुमच्या भावाच्या मागे भाताची गिरणी बंदच आहे. भिंतींतून कोंड्याचा गोड वास मात्र अजून येतो. पहाटे अर्धवट झोपेत वाटतं, आत पट्टा फिरायला लागलाय. मग पुरती जाग येते.

पत्र लिहायला कारण सान्किची. अकरा वर्षांपूर्वी ह्यांना तुसाच्या ढिगात करंगळीएवढं पिल्लू सापडलं, त्याचा आता पाच हातांचा साप झालाय. धामणीची जात, विष नाही, हे मला पाठ आहे. पण तीन आठवडे त्यानं तोंडात काही घेतलेलं नाही. उंदीर ठेवला, लावरीची अंडी ठेवली. ढुंकून बघत नाही. पेटीच्या कोपऱ्यात मान टेकून दाराकडे तोंड करून पडतो. मला वाटतं, तो ह्यांची वाट बघतोय.

मामोरू ओसाकाला बोलावतोय. त्यांच्या इमारतीत साप चालत नाही, आणि सूनबाईंना तर मुळीच नाही. तुम्ही त्याला घेऊन जाल का? तुम्ही दोघं बहीणभाऊ लहानपणी साप धरत हिंडायचात, असं हे सांगायचे.

थंडी गेली तरी गुडघे जपा. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

आपली,
फुसाए

*

ओकी बेट, २० मे

चि. फुसाए हीस,
मिसाओचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

साप कुणाची वाट बघत नसतो, बाई. त्याला माझ्या भावाचा, तोकुइचीचा, चेहरा कधी ठाऊकच नव्हता. हाताची ऊब ठाऊक होती, आणि तळव्याला लागलेल्या कोंड्याचा वास. शोक बिक त्याच्या अंगावर घालू नकोस, बिचाऱ्याला अंग आहे केवढंसं.

ही जात रागीट नाही, भित्री आहे. शेपटी थरथरवली तर समज, तो घाबरलाय. वरून हात घालू नकोस, वरून येईल ते त्याच्या लेखी घार. बाजूनं, पोटाखालून हात सरकव आणि मग तू थांब. त्याला यायचं तर तो येईल. आणि कोंबडी कापलीस तर आधी साबणानं हात धू, नाहीतर तुझी बोटं त्याला जेवण वाटायची.

मला तो हवाच आहे. भावाचं दुसरं काय उरलंय? माकल्यांची मासळी वाळवायचं काम संपलं की सप्टेंबरात न्यायला येते. तोवर सांभाळ. नवी नवरी होतीस तेव्हा अंगणातल्या दोरीलाही भ्यायचीस, ते मी विसरलेले नाही.

सापाच्या तीन आठवड्यांचा हिशेब दिलास. तू जेवतेस का, ते एका अक्षरानं कळवलं नाहीस.

तुझी थोरली वन्सं,
मिसाओ

*

कामिओदा, १७ जून

ती. स्व. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पावसाळी दिवस लागलेत. आलुबुखार मिठात घातले. दुपारी सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं हिरवट दिसतं.

तुम्ही बजावूनही मी कोंबडी कापून तसाच हात घातला. चावला. टाचण्या टोचाव्यात तसं झालं, दोन थेंब रक्त आलं. मी ओरडले नाही, याचं मलाच नवल वाटलं. त्यानं लगेच सोडलं आणि उलट तोच पेटीच्या मागच्या भिंतीला चिकटून बसला. हात धुऊन पुन्हा खालून घातला आणि थांबले. पाण्याची धार अंगावर चढावी तसा तो कोपरापर्यंत आला.

त्याचे डोळे दुधाळ झाले होते, मग त्यानं अखंड कात टाकली. तरी खात नाही. आता तर दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत असतो. गिरणीत मोकळा सोडते, तर पट्ट्याच्या चौकटीवरून तुळईवर जातो. मी ह्यांच्या तिवईवर बसून वर बघत राहते. पाऊस, तुळई, आणि तिच्यावरून संथ सरकणारा तो. किती वेळ गेला ते कळत नाही.

खरं सांगू का? मला त्याचा हेवा वाटायचा. संध्याकाळी आंघोळ झाली की हे तासभर त्याच्यापाशी. जेवताना सांगायचे, आज सान्किचीचं मन बरं नाही, आज तो खुशीत आहे. माझं मन कसं आहे, हे एकतीस वर्षांत विचारलं नाही. आता तो उपाशी राहतोय आणि मला साधं रडू येत नाही. खरी विधवा कोण, असं गावाला वाटत असेल.

लिहून गेले. राग मानू नका, लोभ मात्र होता तेवढा असू द्या.

आपली,
फुसाए

*

ओकी बेट, २५ जून

चि. फुसाए हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भावाची बाजू घ्यायला बसले होते, जमलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा तो बेटावर आला, तीन दिवस छपराची कौलं बदलत राहिला आणि चहा पिऊन परत गेला. तुझं कसं चाललंय, हे मलाही विचारलं नव्हतं.

सान्किची इतका फिरतोय म्हणजे त्याला कसली तरी जागा हवी आहे. लाकडी डब्यात ओलं शेवाळ भर, हात जाईल एवढं भोक ठेव आणि पेटीत ठेवून दे. दोन आठवड्यांत जेवला नाही तर मिळेल त्या बोटीनं मी येते.

मिसाओ

*

कामिओदा, ९ जुलै

ती. स्व. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

बोटीची घाई करू नका. सान्किचीनं अंडी घातली. नऊ. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली, तुमच्या शेवाळाच्या डब्यात. स्वतः त्यांच्याभोवती वेटोळं घालून दमून पडली होती.

अकरा वर्षं आपण एका बाईला बाप्याच्या नावानं हाक मारत होतो. नर कधी जवळ आलेला नाही, तेव्हा अंड्यांतून काही निघायचं नाही, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. आधी ते हसले, मग दुःखाच्या घरात हसलो म्हणून त्यांनी टोपी काढून माफी मागितली.

मी डबा घेऊन ह्यांच्या तसबिरीपुढे गेले. म्हटलं, रोज तासभर बघत होतात, आणि एवढंही कळलं नाही तुम्हाला. बोलता बोलता हसू आलं आणि आवरेना. वन्सं, मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्याकडे बघावंसंच ह्यांना वाटत नाही. तसं नव्हतं हो. जीव लावायचे, पण समोरच्याचं काही ओळखता यायचं नाही. तिचंही नाही, माझंही नाही. मग हसण्याचं रडणं झालं. तशीच गिरणीत गेले, जमिनीवर बसून मार्चपासूनचं सगळं रडले. उठून मिसोच्या रश्शाबरोबर दोन वाट्या भात जेवले.

परवा तिनंही एक उंदीर गिळला.

मामोरूला कळवलंय, इतक्यात ओसाकाला येत नाही. तुमच्याकडे मागणं आहे. सप्टेंबरात या, पण तिला न्यायला नको, राहायला या. तुमचा तिच्यावर हक्क आहे, तो इथे बसून चालवा. मागच्या खोलीत ऊन चांगलं येतं.

काल संध्याकाळी ती माझ्या हातावरून खांद्यावर, आणि खांद्यावरून तुळईवर निघून गेली. वळून पाहिलं नाही. मी तिला एखादी फांदी वाटले असेन. मला बरं वाटलं.

आपली,
फुसाए