सावलीचोराचा आवाज

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे मजेत आहे. सर्दी गेली, गॅलरीतल्या मिरचीला तीन फुलं आली. वहिनीचा हात आता कसा आहे? आईला सांग, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, जेवणाऐवजी नाही.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तू लिहितोस, ‘बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचा आवाज तू कार्टूनमधल्या एका दुष्ट माणसाच्या तोंडी घातलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या, झालं ते झालं. आता दुसऱ्या भागात तो माणूस परत येतोय म्हणे. काम घ्यायचं की नाही ते तूच ठरव. मी काही म्हणत नाही. फक्त आईचा विचार कर.’

खरं तर फोनच करणार होते. पण पलीकडे तू घसा खाकरलास की माझी बोलती बंद होते, चाळिशीला आले तरी. म्हणून हा कागद.

आधी कामाचं सांगते, कारण तुला ते नुसतं तोंड हलवणं वाटतं. आणि कार्टून नाही रे, ॲनिमे म्हणतात त्याला, जपानी सिनेमा असतो, आम्ही त्याला मराठीत आवाज देतो. पहिल्या भागात हा सावलीचोर लोकांच्या सावल्या न्यायचा, पण हिसकावून नाही. माणसाला समोर बसवायचा, पाणी विचारायचा आणि इतकं हळू बोलायचा की तो माणूस आपणहून सावली काढून त्याच्या हातात द्यायचा. शेवटी समुद्रात बुडाला. पोरंपोरी त्याच्यासाठी एवढी हळहळली की नायकाला कुणी विचारेना. म्हणून आता कंपनीने त्याला बाहेर काढलंय. एवढ्या पाण्यात तो तीन वर्षं कसा जगला ते मलाही पटलेलं नाही. आईनेही फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, तेव्हा तिच्या मनाची काळजी तू करू नकोस.

त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं ते एका वाक्यामुळे. लिहून दिलेलं वाक्य लांबलचक होतं आणि पडद्यावर त्याचे ओठ आधीच मिटत होते. चार वेळा चुकलं. काचेपलीकडून आमच्या डबिंगच्या बाई म्हणाल्या, “अगं, तुझ्या मनाने काहीतरी छोटं बोल.” माझ्या तोंडून निघालं, “तूच ठरव. मी काही म्हणत नाही.” ओठांवर बरोबर बसलं. बाई खुर्चीतून उठल्याच. “हा आवाज कुठून आणलास गं?” मी म्हटलं, “वडिलांचा आहे.”

तेव्हा मी खोटं बोलले. नंतर तुम्हा सगळ्यांशीही तेच बोलले.

बाबा कसे बोलायचे ते आठव ना जरा. चहा गार झाला तरी सगळ्या इमारतीला कळायचं. माझ्या गणिताच्या वहीवरून एकदा एवढे ओरडले की खालच्या मजल्यावरचे काका काय झालं ते बघायला वर आले. आणि दहा मिनिटांनी बाबा माझ्या शेजारी बसून तेच गणित स्वतः चुकवत होते. त्यांच्याशी मी कडाकडा भांडायचे, कधी जिंकायचेसुद्धा. घसा तेवढा त्यांचा आणि तुझा एक. आईला हे कळलं होतं. सिनेमा बघून ती म्हणाली होती, “आवाज ह्यांचा वाटतो खरा, पण हे असं कधी बोलले नाहीत.” मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

दादा, तो आवाज तुझा आहे.

मी एकोणीस वर्षांची होते. नाट्यशाळेत निवड झाली होती, आरडाओरडा करत का होईना बाबांनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली होती. संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलास. खुर्ची ओढून बसलास, पाणी हवंय का विचारलंस. म्हणालास, “जायचं तर जा. तूच ठरव, मी काही म्हणत नाही. फक्त आईचं कोण बघणार तेवढं सांग.” सकाळी मी अर्ज फाडला. माझ्या हाताने. अजूनही तू आल्यागेल्याला सांगतोस, “तिनेच नको म्हटलं.” खोटं नाहीच ते, आणि म्हणून तर मला कधी भांडता आलं नाही. सात वर्षं दाताच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारत बसले. डबिंगच्या बाईंची दाढ दुखली नसती तर अजून तिथेच असते.

तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू नऊ रात्री हॉस्पिटलच्या बाकावर काढल्यास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण म्हणून हे बोलायचंच नाही, असं कुठे ठरलंय?

बाबांच्या नावावर खपवलं, कारण गेलेला माणूस रागवायला येत नाही. तीन वर्षं त्यांच्यावर आळ राहिला आणि मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते. या पत्रात माफी एवढीच आहे, आणि ती बाबांची मागतेय, तुझी नाही.

खरं सांगू? तुला हे कधीच कळवणार नव्हते. पण रविवारी खारूचा फोन आला. म्हणाली, “आत्या, मी पोहायचं सोडलं.” मी विचारलं, “का गं? बाबा नको म्हणाले?” “नाही गं, बाबा काहीच नाही म्हणाले. मीच ठरवलं.”

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. दूध उतू गेलं, ते पुसायलाही उठले नाही. बारा वर्षांची पोर तुझी. गेल्या महिन्यात शाळांच्या स्पर्धेत दुसरी आली, तेव्हा मला सांगताना तिला धाप लागली होती.

तर ऐक. सोमवारी सकाळी दहाला मी माइकसमोर उभी राहणार आहे. सावलीचोर दुसऱ्या भागातही त्याच आवाजात बोलेल, मुद्दाम. थिएटरात बसलेल्या एखाद्या पोरीला तरी तो ओळखू यावा, एवढ्यासाठी. तुला राग आला तर येऊ दे.

त्याआधी शनिवारी चार वाजता मी घरी येतेय, खारूला तलावावर न्यायला. तिचा पोशाख आणि टोपी पिशवीत भरायला वहिनीला सांगितलंय. तिला खरंच पोहायचं नसेल तर काठावर बसून आइस्क्रीम खाऊ, पण ते मी तिच्या तोंडून ऐकणार, तू तिथे नसताना. तुला हे मान्य नसेल तर दारात उभा राहा आणि ओरड. “नाही नेऊ देणार” म्हण, शेजारी बाहेर येतील एवढ्या मोठ्याने. मीही ओरडेन. जन्मात पहिल्यांदा आपण दोघं नीट भांडू, आणि माझी खात्री आहे, त्यातून आपण दोघंही जिवंत बाहेर येऊ. पण खुर्ची ओढून तिच्यासमोर बसू नकोस. बसलास तर मधे मी बसेन, आणि उठणार नाही.

पत्राच्या शेवटी थोरल्या भावाचा आशीर्वाद मागायची पद्धत आहे. या वेळी मागत नाही.

तुझी लाडकी, आणि यापुढे नाठाळ,
बुटकी