नाक गेलेल्या बाईने दिलेले गुण

ती. वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही बांधता की खुंटीवर टांगून नुसत्या त्याच्याकडे बघता, ते खरं खरं कळवा. रक्तदाबाची गोळी सकाळी विसरली म्हणून दुपारी दोन घेऊ नयेत. भाचेसून कामावर जायला लागली का, बाळाला किती दात आले, तेही लिहा. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचे बंधू रोज चार किलोमीटर चालतात असं सांगतात. बुटांचे तळवे पाहता दोन असावेत.

फोन करायचा सोडून पत्र का लिहिते आहे, तर फोनवर तुम्ही मधेच बोलता. राग मानू नका. ही गोष्ट सलग सांगितली तरच माझ्याच्याने सांगून होईल, मधे कुणी ‘मग?’ म्हटलं की मी विषय बदलीन. गेले आठ महिने मी तेच करत आले आहे.

तर आधी कामाचं. तुम्ही शेजारणींना ‘आमची भावजय विद्यापीठात प्रोफेसर आहे’ असं सांगता, ते कृपा करून थांबवा. मी अन्नविज्ञान विभागात वास घेते. सव्वीस वर्षं घेते आहे. दूध, ब्रेड, सूप, बिस्किटं, जे काही विद्यार्थी बनवतील किंवा मुद्दाम खराब करतील ते झाकण लावलेल्या पांढऱ्या कपातून माझ्यापुढे येतं. कपावर फक्त तीन आकडी नंबर असतो, आत काय आहे ते मला सांगत नाहीत. मी झाकण उचलायचं, वास घ्यायचा, खाण्याजोगं असेल तर चाखायचं, दहापैकी गुण द्यायचे, घोटभर पाणी प्यायचं आणि पुढचा कप. एवढंच काम. पण एवढ्याशा कामात माझं नाव होतं. दूध बिघडायच्या आदल्या दिवशी ‘हे उद्या जाईल’ असं मी सांगत असे आणि ते जात असे. आमचे विभागप्रमुख (त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात) पाहुण्यांना आधी दोन कोटी किमतीचं यंत्र दाखवायचे आणि मग मला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा ताठा होता. बाजारात मी नाकाने कांदे सोलत हिंडायचे.

थंडीत मला ताप आला होता ते तुम्हाला आठवत असेल, तुम्ही फोनवर काढा सांगितला होता. ताप पाच दिवसांत गेला. सातव्या दिवशी सकाळी मी टोस्टरपाशी उभी राहून वर्तमानपत्र वाचत होते आणि तुमचे बंधू आतून धावत आले. टोस्टचा कोळसा झाला होता, धूर पार पंख्यापर्यंत गेला होता आणि मी त्याच्या मधोमध उभी राहून हवामानाचा अंदाज वाचत होते. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. मग ते गेल्यावर साबण हुंगला, कॉफीचा डबा हुंगला, चपलांचं कपाटसुद्धा उघडून हुंगलं. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. जिभेवर गोड, खारट, आंबट एवढं कळायचं, बाकी सगळं पुठ्ठा.

आठवडाभरात येईल म्हणून मी कुणाला बोलले नाही. मग महिन्यात येईल म्हणून बोलले नाही. आणि महिना उलटल्यावर, इतके दिवस का नाही बोललात असं विचारतील म्हणून बोलले नाही. न बोलण्याचं असंच असतं वन्सं, पहिला दिवस फक्त आपल्या हातात असतो.

(तुमच्याकडे बारशाला आले तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन मी त्याच्या टाळूला नाक लावलं होतं. तुम्ही म्हणालात, हुंगून हुंगून पोराला गिळशील. मी हसले. टाळूला काहीच वास नव्हता. घरी येताना गाडीत मी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते, तुमच्या बंधूंना वाटलं मला गाडी लागली.)

आता तुम्ही विचाराल, मग नोकरीत पकडली कशी गेली नाहीस. तर डोळ्यांनी वाचवलं. त्या दिवसांत कप बहुतेक दुधाचेच असायचे. चांगलं दूध फ्रिजमधून थेट यायचं, त्यामुळे त्या कपाच्या झाकणावर दव धरलेलं असायचं. खराब केलेलं दूध टेबलावर राहिलेलं असायचं, त्याचं झाकण कोरडं. हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ओलं झाकण, आठ गुण. कोरडं झाकण, दोन गुण. अधूनमधून खात्री पटावी म्हणून साडेसात. आणि दरवेळी मी नाक कपाजवळ नेऊन डोळे मिटायचे, अगदी पूर्वीसारखे. सव्वीस वर्षांत माझा निकाल इतका अचूक कधी आला नव्हता.

इथवर हे माझ्यापुरतं पाप होतं. पण याच सुमारास तीन विभागांनी मिळून एक संशोधन काढलं. संगणक विभागातला एक चष्मेवाला तरुण संशोधक एक पेटी घेऊन आला, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. तिला एक नळी, ती कपावरची हवा ओढून घेणार. आणि वर एक छोटा कॅमेरा, तो कपाचा नंबर वाचणार. या पेटीला दुधाचा वास ओळखायला शिकवायचं होतं, आणि शिकवायला गुरू म्हणून कोण, तर मी. मी गुण द्यायचे, पेटीने ते पाहून शिकायचं. आम्ही तिला नाकोबा म्हणायला लागलो. चार महिन्यांत नाकोबाचे गुण आणि माझे गुण शंभरात शहाण्णव वेळा जुळायला लागले. सरांनी परिषदेत त्याचे तक्ते दाखवले. टाळ्या पडल्या. तक्त्याखाली माझं नाव होतं, आणि मी पहिल्या रांगेत बसून चपलेचा अंगठा बघत होते.

तिसरा विभाग बालशिक्षणाचा. तिथल्या बाई उंच, शांत, मुलांशी बोलताना जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या. लहान मुलं खराब अन्न ओळखायला कशी शिकतात हे त्यांना बघायचं होतं. पाच वर्षांची बारा मुलं आली. चाखायचं नाही, फक्त वास घ्यायचा, आणि समोर हसरा चेहरा किंवा रडका चेहरा ठेवायचा. मुलं बुजू नयेत म्हणून आधी मी करून दाखवायचं, मग नाकोबाचा हिरवा किंवा लाल दिवा लागायचा, मग मुलांची पाळी.

त्या दिवशी मुलांची गाडी तासभर उशिरा आली. प्रयोगशाळेतल्या मुलीने शहाणपणा करून सगळेच्या सगळे कप फ्रिजमध्ये ठेवून दिले. चांगले आणि खराब, दोन्ही. बाहेर काढले तेव्हा सगळ्या झाकणांवर दव.

पाचवा कप. मी झाकण उचललं, डोळे मिटले, ‘वा, छान ताजं आहे’ म्हटलं. नाकोबाने हिरवा दिवा लावला. एकेक मूल पुढे आलं, वास घेतला, हसरा चेहरा ठेवला. शेवटी एक मुलगी आली, समोरचे दोन दात पडलेले, मोजे वेगवेगळ्या रंगाचे. तिने वास घेतला आणि रडका चेहरा ठेवला. मी म्हटलं, नीट बघ बरं. ती म्हणाली, “नीटच बघितलं. आंबलंय.” मग माझ्या तोंडाकडे बघून अगदी सहज विचारलं, “आजी, तुला वास येत नाही का?”

आठ महिन्यांत हे मला विचारणारी ती पहिली. मी म्हटलं, “येतो की.”

ती म्हणाली, “बरं,” आणि आपल्या जागी जाऊन बसली. तिला माझा राग आला नाही, हेच मला जास्त लागलं.

दुपारी बालशिक्षणाच्या बाईंनी मला चित्रफीत बघायला बोलावलं, हळूहळू चालवून. म्हणाल्या, हे बघा, फार गमतीचं आहे. गंमत अशी होती की बाकीच्या अकरा मुलांपैकी प्रत्येकाने पाचव्या कपाशी नाक मुरडलं होतं. प्रत्येकाने. एक तर मागे सरकला होता. आणि मग, वन्सं, प्रत्येकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं. मी हसत होते. मग त्यांनी हिरव्या दिव्याकडे बघितलं आणि हसरा चेहरा उचलून ठेवला. त्यांची नाकं खणखणीत होती. त्यांनी माझ्या भरवशावर ती बाजूला ठेवली.

बाईंना वाटत होतं की कपांची अदलाबदल झाली. त्यांनी दोनदा नंबर तपासला. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जिन्यात जाऊन बसले. पुढच्या महिन्यात नाकोबा तीन बालवाड्यांच्या स्वयंपाकघरांत दूध तपासायला जाणार होता. मी शिकवलेला नाकोबा. फ्रिजमधून निघालेलं काहीही त्याला ताजं वाटणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. संगणकवालाही तिथे होता, बालशिक्षणाच्या बाईही आल्या. सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले.

“कधीपासून?”

“आठ महिने.”

“म्हणजे परिषदेतले तक्ते...”

“हो सर. ते झाकणांचे होते.”

मग संगणकवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि खाली बघून म्हणाला की त्यालाही एक सांगायचं आहे. नाकोबाची नळी एकोणीस दिवसांपूर्वी आतून निसटली होती. पेटीत हवा जातच नव्हती, ती नुसती कॅमेऱ्यातून झाकणावरचं दव बघत होती. तरी गुण शहाण्णवच येत होते, म्हणून त्याने मुद्दाम शोधलं नाही. (म्हणजे एकोणीस दिवस दोन बिननाकाचे जीव एकाच झाकणाकडे पाहून गुण देत होते आणि विद्यापीठ त्याची नोंद ठेवत होतं.) सरांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं आता बोलतील, आणि बोललेही. सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं असं ऐकलं. ते सगळं इथे लिहीत नाही, पण त्यातलं एक वाक्य बरोबर होतं. ते म्हणाले, “नाक जाणं हा आजार आहे बाई. गुण देणं हा तुमचा निर्णय होता.” मी हो म्हटलं.

बालवाड्यांना कळवलं, यंत्र येणार नाही. सरांनी परिषदेला पत्र लिहून तक्ते मागे घेतले. माझं नाव आणि माझं कारण, दोन्ही त्यात घाला असं मी सांगितलं, आणि त्यांनी घातलं. मला वाटलं होतं मी राजीनामा देईन. लिहूनही नेला होता. पण सरांनी तो वाचायच्या आधीच बालशिक्षणाच्या बाईंनी मला मागून घेतलं. त्यांच्या नव्या प्रयोगाला एक अशी मोठी व्यक्ती हवी आहे जी मुलांसमोर चेहरा न बदलता चुकीचं उत्तर देईल, म्हणजे मुलं स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला कशी शिकतात ते बघता येईल. शेवटी मुलांना खरं सांगायचं, हा नियम. आता सोमवार आणि गुरुवारी मी आंबलेलं दूध हुंगून वा म्हणते, आणि मग मुलांपुढे कबूल करते की या आजीला वास येत नाही. पहिल्या दिवशी सांगताना मी मुलांकडे न बघता कपाकडे बघत होते. परवा एका पोराने माझा हात थोपटला.

घरी सांगायचं राहिलं होतं. सरांना सांगितलं त्याच संध्याकाळी चहा पिताना तुमच्या बंधूंना सांगितलं. ते म्हणाले, “माहीत आहे.” टोस्टच्या दिवसापासून माहीत होतं. रोज सकाळी माझ्याआधी उठून ते दूध हुंगतात, भाजीचा डबा हुंगतात, गॅसची शेगडी दोनदा बघतात, आणि खराब असेल ते गुपचूप टाकून येतात. ते चार किलोमीटर चालणं म्हणजे त्यातलं निम्मं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन दूध आणणं. मी विचारलं, बोलला का नाहीत. म्हणाले, तू बोलली नाहीस म्हणून. मग आम्ही चहा संपवला. चहा कसा झाला होता ते मला कळलं नाही, पण त्यांनी दुसरा कप मागितला.

बाळाला पापा. भाच्याला आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. हे सगळं फक्त तुमच्यापाशी ठेवा. म्हणजे निदान शेजारणींना माझी नोकरी सांगाल तेव्हा तरी.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण आता लिहिते. डॉक्टर म्हणतात, रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक चार वास घ्यायचे, ते कसे असत ते आठवत राहायचं, कदाचित नाक परत येईल, कदाचित नाही. मला काय येतंय आणि काय नुसतं वाटतंय हे तोंडावर सांगणारं माणूस जवळ हवं. तुमचे बंधू त्या कामाचे नाहीत, ते सगळ्याला छान म्हणतात. एकतीस वर्षांत माझ्या हातच्या एकाही पदार्थाला तुम्ही उगाच छान म्हटलेलं नाही. त्यावरून मी मोरीत जाऊन रडलेही आहे, आता सांगायला हरकत नाही. गुडघ्याला जिना झेपत असेल तर महिनाभर येऊन राहा. नसेल झेपत तर खालच्या खोलीत खाट टाकते.

ता. क. तिसरा. थंडीत तुम्ही संत्र्यांचा जॅम पाठवला होता आणि मी त्याच्या स्तुतीची दोन पानं लिहिली होती. त्यातलं ‘गोड आहे’ एवढं वाक्य खरं धरावं. येताना एक बाटली आणा.