सांडणीला परड चावली

१४ नोव्हें. १९३७, कामरगाव

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

शेजारच्या रहीमभाईंची सांडणी आमच्याच गोठ्यात असते, त्यांच्या अंगणात उंट मावत नाही. पहिल्यांदाच गाभण. आज रहीमभाई आणि आमचे हे कापूस घेऊन कारंज्याला गेलेले. मी कडब्याची पेंढी सोडून तिच्यापुढे टाकली. तिनं मान खाली घातली, आणि फूत्कार! भात्यासारखा. परड, तीच ती विषारी घोणस, तिच्या वरच्या ओठाला लोंबकळत होती. तिनं मान झटकली, तशी भिंतीवर आपटली आणि गंजीत शिरली.

त्याच पेंढीत माझा हात होता. आत्ता, क्षणापूर्वी...

रहीमभाईंच्या घरच्या जुबेदाभाभी धावत आल्या. "काय झालं वो बाई?" मी सांडणीकडे बोट दाखवलं.

तिचं तोंड बघता बघता फुगलं, नाकपुड्या मिटल्या. उंट नाकानंच श्वास घेतो. घुसमटून गुडघ्यावर बसली. लोक जमले. कोणी म्हणे, "आता कायले तरास देता तिले? मरू द्या." भाभी ओरडल्या, "मरू कशी देऊ? पोटात जीव हाय तिच्या!"

मला कसं सुचलं, देव जाणे. "भाभी, हुक्क्याची नळी आना!" काहून, म्हणून विचारलंसुद्धा नाही त्यांनी. नळी बांबूची. विळ्यानं दोन तुकडे केले, तूप लावलं. मी डोकं कवटाळलं, भाभींनी नळ्या नाकपुड्यांत सारल्या. रक्त आलं. मग शिट्टी वाजावी तसा आवाज.

श्वास!

१५ नोव्हें.

आहे. जिवंत आहे. आळीपाळीनं नळ्या धरून बसलो.

दुपारी दोघं आले, वाटेतच कळलेलं, म्हणून गुरांच्या डॉक्टरला घेऊनच. डॉक्टर म्हणाले, "नळ्या राहू द्या. विषावर माझ्याजवळ काही नाही."

रहीमभाई तिच्यासमोर मटकन बसले. नळ्या ओळखून म्हणाले, "मेरा हुक्का?" भाभी हसता हसता रडायला लागल्या.

हे माझा हात उलटापालटा करून बघत राहिले. "तुले चावली असती तं?" एवढंच.

१९ नोव्हें.

सूज उतरली, नळ्या काढल्या. ओठ काळा पडून सोलून निघतोय. पाणी प्याली. गडी लावून गंजी उपसली. परड सापडली नाही. माझा हात कडब्याकडे जातच नाही. हेच वैरण टाकतात.

डॉक्टर त्या दिवशी जाताना बोलून गेले होते, विष पिलापर्यंत पोचलं का, ते इतक्यात सांगता येत नाही. भाभींना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

२६ नोव्हें.

भाभी रोज सांडणीच्या पोटाला हात लावून उभ्या राहतात. आज माझा हात ओढून तिथं ठेवला.

"हाललं का?"

हाललं, असं वाटलं. की तिचाच श्वास?

"बोला ना बाई. काही तं बोला."

"थांबा," म्हटलं, "अजून थोडं थांबा." आणि दुसराही हात ठेवला.