माळच घाला!

४ मार्च २००२, सोमवार

बाबांचे डोळे पिवळे! सकाळी चहा देताना दिसले. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "दोन दिवस झाले नं, तुले ऑफिसचं काम, काहून त्रास द्यायचा." कप्पाळ माझं! सासू-सासरे दिवाळीत वर्ध्याहून कायमचे आले, तेव्हापासून हे असंच. काही दुखलं तरी सुनेला त्रास नको.

हाफ डे टाकून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कावीळ हा काही एकच आजार नाही, ते लक्षण आहे. व्हायरसची असेल तर विश्रांती पुरते, पण यांच्या पोटात उजवीकडे दुखतंय, पित्ताच्या नळीत खडा अडकला असू शकतो. सोनोग्राफी लवकर करा. शुक्रवारची वेळ मिळाली. मला सुट्टी नाही, आई नेतील रिक्षाने. खडकीतच आहे, दोन चौक सोडून.

नवरोबांचा, आनंदचा, अमेरिकेतून फोन. "तू आहेस ना तिथे, मग मला काळजी नाही."

७ मार्च, गुरुवार

ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज डोक्यावर आणि घरात हे नवीन! वरच्या मजल्यावरच्या कांताबाईंनी आईंच्या डोक्यात भरवलंय की लोणी काळभोरला त्यांच्या माहेरी कोणी सोजरबाई आहे, ती कावीळ उतरवते. डोक्यावर झाडाच्या मुळ्यांची माळ ठेवायची. रोज वाढते, गळ्यात येते, मग छातीवर. पोटापर्यंत आली की कावीळ गेली!

आई ओट्यापाशी येऊन विचारतात, "नेऊन पाहू का गं यायले? कांताबाईच्या दिराले गुण आला म्हणे."

मी थकून आले होते. म्हटलं, "वा! उत्तमच! मग ती सोनोग्राफी तरी कशाला? रद्द करून टाका. डॉक्टर लोक उगीच इतकी वर्षं शिकतात. तुम्ही माळच घाला!"

"बरं," म्हणाल्या.

८ मार्च, शुक्रवार

ऑफिसात महिला दिन. प्रत्येकीला एक गुलाब आणि एचआरचं भाषण. गुलाब घेऊन घरी आले तर बाबा सोफ्यावर, डोक्यावर माळ!

विचारलं, "सोनोग्राफी?"

आई म्हणाल्या, "तूच तं म्हटलं नं, रद्द करून टाका. मी सकाळीच फोन करून सांगितलं."

मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं. खरंच वाटलं यांना? आमच्या माहेरी असं बोललं तर चार वर्षांच्या पोरालाही कळतं की टोमणा आहे. यांच्याकडे माणूस जे म्हणतो तेच त्याला म्हणायचं असतं.

आई किती खूश होत्या! सोजरबाईने बाबांचे हात चुन्याच्या निवळीने धुतले, तर पाणी पिवळंजर्द. "कावीळ उतरताना दिसली गं!" अहो, आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून ठेवतात, त्यावर चुना पडला की पिवळं होणारच. माझे हात धुतले असते तरी झालं असतं! हे सगळं ओठापर्यंत आलं होतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. की काल मी तुमची खिल्ली उडवत होते. ते तोंडावर कसं सांगायचं?

"सुनबाई समजदार आहे, शिकलेली असून आपलं ऐकते," असं बाबा म्हणाले.

नाही सांगितलं. सोमवारी गुपचूप नवी वेळ घेईन. तीन दिवसांनी काय होतंय!

१० मार्च, रविवार

माळ गळ्यात आली. आई टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. मुळ्यांच्या ओल्या काड्या असतात. वाळल्या की आक्रसतात, दोरा सैल होतो, गाठी सरकतात. खुंटीला टांगली तरी वाढेल. तेव्हा काय भिंतीची कावीळ उतरली म्हणायची?

हे मी इथे लिहितेय. बाहेर त्या दोघांसमोर "हो का, छान" म्हणाले. शी!

बाबा जेवले नाहीत. अंग खाजतंय म्हणतात.

११ मार्च, सोमवार

पहाटे थंडी वाजून ताप. दात वाजत होते. हॉस्पिटलात नेलं. माळ नर्सने कापून काढली.

१२ मार्च, मंगळवार

खडाच आहे. नळी बंद, पू झालाय, विष रक्तात गेलंय. नळीतून खडा काढला, पण बीपी धरत नाही.

मोठे डॉक्टर बाहेर आले. चिडलेले. "सोनोग्राफी सांगितली होती ना तुम्हाला? का नाही केली?"

आई सरळ म्हणाल्या, "सुनेनं सांगितलं, गरज नाही. शिकलेली आहे नं ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड.

"मी असं काही म्हटलंच नाही," मी म्हटलं. ठणठणीत आवाजात! जराही अडखळले नाही!

आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही म्हटलं? मंग... माझ्याच ऐकण्यात चुकलं असन, डॉक्टरसाहेब."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयकार्ड काढून पर्समध्ये टाकलं.

१५ मार्च, शुक्रवार

बाबा गेले.

३० मार्च, शनिवार

तेरावं झालं, पाहुणे गेले. आनंद आजच परत गेला. निघताना मला म्हणाला, "तू नसतीस तर आईचं काय झालं असतं." मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होते. तेव्हा सांगायचं होतं. बॅग उचलून दिली.

येईल त्या प्रत्येकाला आई एकच सांगत होत्या. "पोरीनं नाही म्हटलं होतं हो. मी उलटंच ऐकलं. माझ्यानं गेले ते." वर्ध्याची आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नको.

एवढी मी चमत्कारांच्या मागचं विज्ञान सांगत फिरणारी! सोजरबाईला लबाड म्हणायचं मला काय तोंड आहे? ती निदान स्वतःच्या माळेवर विश्वास तरी ठेवत असेल. मला माझं बोलणं खोटं आहे हे पुरतं माहीत होतं. दोन्ही वेळा.

६ एप्रिल, शनिवार

आई हल्ली सगळं दोनदा विचारतात. कुकर लावला की, "शिट्टी झाली का गं? तू ऐकली?" दूधवाला काही बोलला की माझ्याकडे बघतात. फोन उचलतच नाहीत. भलतंच काही ऐकलं तर, म्हणतात.

आज जेवताना म्हणाल्या, "माझे कान दाखवून आणतं का? कांताबाई तेल सांगते घालायले. पण आता ते नको. तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ," म्हटलं. तिथेच सांगून टाकायला हवं होतं. भित्री! भित्री आहे मी!

११ एप्रिल, गुरुवार

कान तपासून आणले. काचेच्या खोलीत बसवून मशीनवर तपासलं. डॉक्टर हसत म्हणाले, "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

रिक्षाने घरी आलो. जिन्यात आई थांबल्या.

"म्हणजे तू तसं म्हटलं होतं."

मी हो म्हटलं. अगदी हळू. त्यांना ऐकू गेलं.