डोकं रावसाचं

करंजा, उरण
११ जून २०२५

चि. सौ. विनिता हिस गंगाबाईचे करंज्याहून पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मिथुनचा टेम्पो सुकी मासली घेऊन पनवेलला निगालाय, त्याच्या हाती ही चिट्टी देते. फोनवर तू बोललीस तरी मना नुसती शिट्टी ऐकू येते. डॉक्टर म्हनतो कान गेले. जाऊ देत मेले, ऐकन्यासारखं तरी काय उरलंय! चौथीपत्तूर शिकले ती आता अशी कामाला आली.

गुडगा बेस हाय. पावसाळ्याची मासेमारीची बंदी लागल्यापासून होड्या वर काडल्यात, बंदरावर नुसती कुत्री निजलेली असतात. हातांना काम नाय, म्हनून तोंडाला काम. सगल्या आळीशी भांडून झालं. अंकिताला सांग, आजीनी तिच्यासाटी सुकट निवडून ठेवलीय.

तुमच्या विचुंब्याच्या दुकानाची पाटी मिथुननी मोबाइलवर दावली. ‘गंगाबाईची ताजी मासळी’, खाली माजा फोटो, आनि नाकात ही मोटी नथ! अगो, मना कवा हुती नथ? शेजारनी हसून मेल्या. पन खोटं कशाला सांगू, बरं बी वाटलं. माज्या लेकानी, प्रनितनी, आयशीच्या नावाचं दुकान काडलं.

आता कामाचं. हलीमाच्या पोराचा, अझहरचा वलीमा, लग्नाचं जेवन, बावीस तारखेला हाय. रावस प्रनितकडं सांगितलाय, असा तिचा निरोप आला. आनंद झाला, आनि काळजी बी वाटली. बंदीत रावस आनतो कुठून तो? पनवेलच्या बाजारात मी टोपली मांडली तवापासून हलीमा माजी गिऱ्हाईक. दर मानसाला मी मासल्याचा कल्ला उघडून दावायची, लाल हाय का बगा, लाल म्हंजे ताजा, म्हनायची. हलीमाला दावायला गेले की ती तोंड फिरवायची. म्हनायची, गंगा, तू पिशवीत घातलंस म्हंजे झालं. आजपत्तूर तिनी माज्या मासल्याचा एक कल्ला बगितला नाय. तवा सांबाळून गो बाय.

आनि कापून दिलेल्या मासल्याचा मुंडका पिशवीत वर ठेवता ना? माज्या सासूची रीत हाय ती. आपन काय घेतला ते मानसाला घरी जाऊन बी कळायला पायजे. तुमच्या दुकानातला रावस मना बी जरा धाड, चाखून बगते.

माया हाय ती पातल होऊ देऊ नकोस.
तुजी सासू,
गंगाबाई

*

विचुंबे, पनवेल
१३ जून २०२५

ती. आईंच्या सेवेशी विनिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. नथीचं वाचून अंकिता गडाबडा लोळली. नथ यांनीच फोटोवाल्याला सांगून घातली. म्हणतात, नथीशिवाय कोळीण ओरिजनल वाटत नाही. मी म्हटलं, जिच्यामुळे कोळीण हा शब्द पनवेलला कळला, तिला काय ओरिजनल करताय! तर माझ्यावरच डाफरले.

दुकान चालतंय. आजूबाजूला टॉवरच टॉवर, गिऱ्हाईक सगळ्या मुलखांतलं. सगळ्यांना काट्याशिवाय हवं, पांढरंशुभ्र हवं आणि स्वस्तही हवं. परवा एक बाई मला म्हणाली की माशांच्या डोळ्यांवर काहीतरी झाका, ते माझ्याकडे बघतात. तुम्ही असतात तर तिला काय ऐकवलं असतंत, त्याची कल्पना करून मी दिवसभर हसत होते.

रावसाचं मी यांना विचारलं. बंदीच्या आधीचा माल बर्फात आहे, तू लक्ष घालू नकोस, म्हणाले. हल्ली मी काही विचारलेलं त्यांना आवडत नाही. हलीमाचाचींच्या वलीम्याचे बॉक्स येऊन पडलेत. डोकं पिशवीत ठेवायची तुमची रीत ते विसरलेले नाहीत. अजिबात विसरलेले नाहीत, आई.

टेम्पोत तुमच्यासाठी पिशवी ठेवली आहे. गिऱ्हाइकाला देतो तश्शीच, मी हात लावलेला नाही. एक विनंती. शिजवायच्या आधी सगळं ताटात ओता आणि नीट बघा. आणि मी पिशवी पाठवली हे यांना कळू देऊ नका.

तुमच्या मायेला कायम हक्काने मागणारी,
विनिता

*

करंजा
१५ जून २०२५

चि. सौ. विनितास आशीर्वाद. वि. वि.

पिशवी ताटात ओतली. वर मुंडका, खाली तुकडे. मुंडका रावसाचा, त्यात वाद नाय. पन मुंडका माज्या मुठीएवडा, आनि तुकडा माज्या पंज्याएवडा रुंद! एवड्याशा मुंडक्याला एवडं धड? कातडी सोललेली, काटा एक नाय, रंग खडूसारखा. रावसाचा रंग कुनाला शिकवता? तव्यावर टाकला तर एवडं पानी सुटलं की तव्याचा तलाव झाला. मांजरीनी वास घेतला आनि निगून गेली.

पोरी, मना वेडी समजू नकोस. तू मुद्दाम धाडलंस ना हे? तोंडानी बोलवत नव्हतं म्हनून मासल्याला बोलायला धाडलंस. मंग आता पुरतं बोल. रावसाच्या मुंडक्याखाली धड कुनाचं हाय? मुंडके येतात कुठून? आनि हलीमाच्या बॉक्सात काय हाय?

मना घास जात नाय. मिथुन परवा परत येताना त्याच्या हाती उत्तर धाड.

गंगाबाई

*

विचुंबे
१७ जून २०२५

ती. आईंना शि. सा. नमस्कार. वि. वि.

हो, मुद्दाम पाठवलं. सांगून टाकते, म्हणजे छातीवरचा दगड उतरेल.

ते तुकडे बासाचे. तळ्यात वाढवलेला मासा, बाहेरगावाहून गोठवून येतो. त्यात पाप काय, कुणालाही आवडेल तो खाईल. पण पहिल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने रावस आहे ना, असं विचारलं आणि यांनी मान हलवली. मग दुसऱ्यानेही विचारलं. मग ‘खाडीचा रावस’ असं छापलेलं लेबल आलं, तुमच्या फोटोसकट. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोकं कुठंय म्हणून वाद घातला, तेव्हा यांना तुमची रीत आठवली. तळोज्याच्या मासळी कारखान्यातून रावसाची गोठवलेली डोकी खतासाठी जातात. ती हे गोणीने आणायला लागले. आता प्रत्येक पिशवीत रावसाचं डोकं. गिऱ्हाईक डोकं बघतं आणि खूश होतं.

एवढंच असतं तर मी भांडून गप्प बसले असते. पण वलीम्याचा माल फार स्वस्तात आलाय, आणि बॉक्सवर तारखेच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर आहे. मी नखाने खरवडून बघितलं. खालची तारीख कधीच उलटून गेलीय. त्यात मागच्या आठवड्यात दिवसभर लाइट गेली होती, बॉक्समधला माल वितळला आणि पुन्हा गोठवला. औषधासारखा वास येतो. अंकिताला मी दुकानातलं घालत नाही, आणि लोकांच्या पोरांना मात्र हसून पिशव्या भरून देते. माझीच मला किळस आलीय, आई.

हलीमाचाचींकडे तीनशे माणूस जेवणार. त्यांची लेक सायमा पोटुशी आहे, तीही भावाच्या वलीम्याला जेवणार. मी यांना हात जोडले. तर म्हणाले, मसाल्यात कोण ओळखतंय? आणि तोंड उघडलंस तर माहेरची वाट धर. दुकान बुडालं तर तुझा बाप पोसणार का, असंही म्हणाले. आज चाचींचा फोन आला होता. प्रणित आहे म्हणून मी मासळीकडे बघणारसुद्धा नाही, असं हसत म्हणत होत्या. मी हो हो म्हणून फोन ठेवला.

रविवार तोंडावर आलाय. मी काय करू ते सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन.

तुमचीच लेक समजा,
विनिता

*

करंजा
१८ जून २०२५

चि. प्रनितला आयशीचा आशीर्वाद. आशीर्वाद लिवला, कारन आयशीला तो मागं घेता येत नाय.

विनितानी मना सगलं सांगितलं. तिला एक शब्द बोललास तर गुडगा गेला खड्ड्यात, मी चालत विचुंब्याला येईन आनि तुज्या दुकानासमोर बसून बोंब मारीन. माजा आवाज तुला ठाऊक हाय.

तू बासा विकलास याचा मना राग नाय. तलावातला मासा काय हलका असतो? तुजा दादूमामा तलावातच जिताडा वाडवतो, आनि जावई आला की त्याला तोच वाडतात. बासा विकायचा तर बासा म्हनून वीक. मानूस स्वस्त घेतो तवा स्वस्त म्हनून घेतो, त्याला फसवायचं नसतं. पन तू त्याच्या डोक्यावर रावसाचा मुंडका ठेवलास! ती रीत माज्या सासूनी घातली ती गिऱ्हाइकाला खरं कळावं म्हनून. तू तिच्यानीच डोल्यांत धूल टाकलीस. नाकात खोटी नथ घातलीस तवाच मी वलकायला पायजे हुतं.

आनि हलीमा? ती कल्ला बगनार नाय, ह्ये तुला ठाऊक हाय. म्हनून तर तुजी हिंमत झाली.

मी दादूकडं मानूस धाडला. शनिवारच्या आधी तलावाला जाल लागेल. शनिवारी सकाळी मिथुन जिताडे घेऊन तुज्या दारात येईल. ते हलीमाला दे, आनि तलावातले हायत म्हनून सांग. बॉक्सात काय हुतं ते बी सांग. मी तिला चिट्टी लिवनार नाय, विनिता फोन करनार नाय. तुज्या तोंडानी सांगायचं. नाय सांगितलंस तर पाटीवरचं माजं नाव खरवडून काड, माजा मुलगा हुता म्हनून मी आळीत सांगीन.

तरी तुजीच आय,
गंगाबाई

*

विचुंबे, पनवेल
२६ जून २०२५

ती. आईस प्रणितचा सा. नमस्कार. वि. वि.

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. चुका पोटात घाल.

तुझं पत्र वाचून आधी विनितावर ओरडलो. मग तुझ्यावर, तू नसताना. शनिवारी मिथुन आला तेव्हा जिताडे परत धाडायचेच, असं ठरवलं होतं. विनिता दारात उभी होती. अंकिताचा हात धरून नुसती बघत होती. मी जिताडे उतरवले नाहीत, आणि ते बॉक्सही त्याच टेम्पोत चढवले. खरं सांगतो आई, चाचींच्या मोहल्ल्याच्या वळणापर्यंत काय उतरवायचं ते माझं ठरलं नव्हतं.

हलीमाचाची दारातच भेटल्या. माझ्या गालांवरून हात फिरवला, गेल्या गेल्या तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग बावर्च्याला हाक मारून म्हणाल्या, प्रणितचा माल आहे, थेट आत घे. टेम्पोकडे बघितलंही नाही. तिथे माझा धीर सुटला. सगळं बोलून गेलो. बासा, डोकी, स्टिकर, दादूमामाच्या तलावातले जिताडे, सगळं. पाहुणे ऐकत होते. चाचींचे यजमान दाऊदचाचा कॉलर धरायला आले. अझहर खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

चाची ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या की तलावातले आणलेस ते खाली काढ. मी काढले. मग म्हणाल्या, कल्ला उघड. मी एकाचा उघडून दाखवला. म्हणाल्या, सगळ्यांचे. आई, मी एकेक जिताडा उचलून कल्ला उघडत गेलो आणि त्या वाकून बघत गेल्या. अंगठा फाटून रक्त आलं, तरी त्यांनी थांब म्हटलं नाही. शेवटचा बघून झाल्यावर बावर्च्याला म्हणाल्या, घे आत.

वलीमा नीट झाला. लोकांनी जिताड्याचं नाव काढलं. आम्हाला बोलावलं होतं, गेलो. चाचींनी अंकिताला स्वतःच्या हाताने वाढलं, विनिताला जवळ घेतलं. माझ्याशी बोलल्या नाहीत.

बॉक्स खड्ड्यात पुरले, वर चुना टाकला. माल देणाऱ्याची तक्रार विनिताने केलीय, माझंही जे काय व्हायचं ते होईल. लेबलं जाळली. आता बासावर बासा लिहितो, तळ्यातला आहे हेही लिहितो. काही गिऱ्हाइकं शिव्या घालून गेली, काहींनी तोच बासा हसत घेतला. पाटीवरचा तुझा फोटो मी उतरवलाय.

काल चाची दुकानात आल्या. कोलंबी किंवा बोंबील घेतील वाटलं. त्यांनी एक खाडीचा मासा निवडला, पिशवी पुढे केली, आणि मी तो आत सोडणार तेवढ्यात म्हणाल्या, कल्ला दाखव बेटा. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि घेऊन गेल्या.

आई, तुझा एकही बघितला नव्हता ना त्यांनी?

माझ्यावरची माया उरली असेल तर ती ठेव.
प्रणित

*

करंजा
२८ जून २०२५

चि. प्रनितला अनेक आशीर्वाद. या वेळेस मनापासून. वि. वि.

चिट्टी वाचून रडले. अंगठ्याला हलद लाव, कल्ल्याची जखम चिघलते.

नाय रे बाबा, एक बी नाय बगितला. पन रुसलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या टोपलीकडं जातं. ती तुज्याकडं आली, ह्ये तुला दिसलं नाय का? आता तिनी सांगायची वाट बगू नको. ती आली की आधी कल्ला उघड, दर खेपेला. बगू दे तिला. किती वरसं बगायचं तेवडं बगू दे.

आनि ज्या दिवशी ती तोंड फिरवेल, म्हनेल की घाल पिशवीत, त्या दिवशी माजा फोटो परत पाटीवर लाव. नथ काडून.

विनिताला सांबाळ. तिच्यामुळं तू वाचलास.

तुजी आय,
गंगाबाई