मी हात ठेवलेला बोकड

आई, रविवारी मी पुन्हा शेळ्यांत जाऊन आले. तुला हे ऐकून राग येणार, म्हणून आधीच सांगून टाकते. तुझ्या नातीने गेल्या वर्षी पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधली बरी नोकरी सोडली आणि देवळ्याकडे एका कुटुंबाच्या शेतावर कामाला लागली. ते लोक मोकळ्या कुरणावर शेळ्या-कोंबड्या वाढवतात आणि मटण विकतात. आता तिला त्याच घरातल्या मुलाशी लग्न करायचंय. आम्ही दोघं घर बघायला गेलो होतो.

हे गाडी चालवत होते आणि मी सगळा रस्ता नकाराची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. शेळ्या राखणाऱ्यांच्या घरात मुलगी देणार नाही म्हणावं, तर माझं माहेर दुसरं काय होतं? आणि हो म्हणावं, तर तू माझा शाळेचा गणवेश रिठ्याने दोनदा धुऊन गोठ्यापासून लांब, शेजारणीच्या दोरीवर वाळत घालायचीस, ते कशासाठी? पोरीच्या अंगाला शेळीचा वास लागू नये, तिला खुर्चीवरची नोकरी मिळावी, एवढाच तुझा ध्यास. मिळाली मला खुर्ची. ऑफिसात माझ्या टेबलावर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. घरी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली की समोरच्यांची मोरी दिसते. मी ती उघडत नाही.

मुलाची आई आम्हाला शेत दाखवते आहे. कांदा घेऊन घेऊन ती जमीन पार दगड झाली होती म्हणे. आता रानाचे पट्टे पाडलेत आणि शेळ्यांभोवती उचलून नेता येईल अशी जाळी आहे. "काल ह्या पट्ट्यात व्हत्या, आज त्या," ती सांगते. "मागनं कोंबड्या सोडतो. त्या लेंड्या उकरत्यात, किडे खात्यात. मग ह्या पट्ट्यात लय दिवस कुणी पाय ठिवायचा नाय. गवताला बी इसावा लागतो ना, ताई." ती मातीत बोटं घालते, ती सहज आत जातात. मला तू आठवलीस, हायवेच्या कडेला, कुणाच्या तरी बांधावरून शिव्या खात शेळ्या हाकणारी. तुला कुणी एक दिवस इसावा दिला नाही.

तेवढ्यात पांढऱ्या कानाचा एक तांबडा बोकड येऊन माझ्या साडीला नाक लावू लागला. बोलता बोलता मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चांगला वेळ खाजवत राहिले. लहानपणी असंच करताना तू मनगटावर फटका दिला होतास. "इकायच्या जनावराला गोंजारायचं नाय. जाताना ते वरडतं, आन् मंग तू बी." रविवारी फटका द्यायला कुणी नव्हतं. मुलाच्या वडिलांनी फक्त गड्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, चहा सांगत असतील.

दुपारी जरा उशिराच ताटं मांडली. वाटी पुढे आली तसे मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "तुम्ही हात ठिवला त्योच हाय, ताई. आमच्या घरात पाहुणा ज्याच्यावर हात ठिवील त्योच कापायचा. दुसरा वाढला तर पाहुण्याचा अपमान व्हतो." लेकीला हा रिवाज माहीत होता, पण मी हात ठेवला तेव्हा ती कोंबड्यांकडे होती. आता ती भाकरी वाढता वाढता माझ्याकडे बघत होती. तिची सगळी सोयरीक त्या वाटीत येऊन बसली होती. घरातलं एकूणएक माणूस उभं राहून आमचं जेवण बघत होतं. उठायला जागा नव्हती. ह्यांनी भाकरी चुरून रस्सा ओतलासुद्धा. "खा की, झकास झालंय," म्हणाले. मी खाल्लं. आणि वाईट याचं वाटलं की चव ओळखीची निघाली. पाय मोडलेली एखादी शेळी तू मागच्या अंगणात तीन दगडांवर शिजवायचीस, अगदी तशी. शहरात इतक्या वर्षांत ती कुठे मिळाली नव्हती. मी वाटी पुसून खाल्ली, आई.

हात धुताना लेक तांब्याने पाणी ओतत होती. हळूच म्हणाली, "तुला नको असेल तर नको म्हण. पण मला हे काम जमतं आणि आवडतं. मला इथे कुणी ढकललेलं नाही." बाहेर मुलाची आई थांबलेलीच होती. "मंग ताई, काय ठरवलं?" मी हो म्हणाले.

परत येताना मी गाडीत रडले. ह्यांना वाटलं, लेक लांब चालली म्हणून. "देवळा काय परदेश आहे का?" म्हणत त्यांनी रुमाल पुढे केला. मी त्यांना तसंच वाटू दिलं. तू तर गेलीस, तेव्हा हा कागद मी पोस्टात टाकणार नाही, घरात ठेवणारही नाही. कुणी वाचलेला मला चालायचा नाही. तुला काळजी लागली असेल की नात परत शेळ्यांतच अडकली. ती अडकलेली नाही. मी बोकडासाठीही रडत नव्हते. मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला. तू मला जिवाचं रान करून तिथून बाहेर काढलंस. पण मला कुठे जायचंय, हे कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.